हॅलोमामांची तीन मिनिटं

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आजवर जितक्यांनी ऐकली त्यातले निम्मे हसत उठून गेले आणि उरलेले निम्मे पायाला मुंग्या आल्या म्हणून बसून राहिले. तेव्हा मंडळी, जरा पुढच्या रांगांत येऊन बसा आणि ज्यांना थापा वाटतील त्यांनी शेवटी बोला. मध्येच कुणी तोंड घातलं तर गोष्ट तिथेच थांबेल, मग पुढचं विचारायचं नाही.

आपण बसलोय त्या याच नगर सभागृहात एक माइकवाले होते. नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते एकट्या हजेरीपटाला माहीत. बाकी सगळ्यांना ते हॅलोमामा. कारण एकतीस वर्षांत व्यासपीठावर उभं राहून त्यांच्या तोंडून एवढंच निघालं होतं, "हॅलो. हॅलो. चेक. एक, दोन, तीन." तेही रिकाम्या खुर्च्यांपुढे. पहिला प्रेक्षक दारात दिसला की मामा खाली उतरत आणि मागच्या भिंतीतल्या काचेच्या केबिनमध्ये शिरून दार लावून घेत. दुसऱ्यांचे आवाज मोठे करण्यात त्यांची हयात गेली. स्वतःचा मात्र घरातसुद्धा पुरत नसे. दुसऱ्यांदा भात हवा असला तरी ते ताटाकडे बघत बसायचे आणि मामींनी ओळखायचं.

कान मात्र असे, की तिसऱ्या रांगेत मुंगी लंगडत चालली तर तिचा कोणता पाय दुखतोय ते मामा केबिनमध्ये बसून सांगत. बंद माइकजवळ कुणी मनात शिवी दिली तरी त्यांना ऐकू येई. हे खोटं वाटत असेल तर वाटू द्या, पुढे याहून अवघड आहे.

रोज सकाळी सभागृह उघडलं की मामा एक काम करत. स्पीकरमधून एक सूर सोडत. अगदी खालच्या पट्टीतला, पोटात जाणवणारा, मग हळूहळू चढता. खोलीचा आवाज तपासायची ही त्यांच्या कामातली जुनी पद्धत. प्रत्येक खोलीचा एक सूर ठरलेला असतो. तो लागला की खोली स्वतःच घुमते. या सभागृहाचा सूर मामांना आईच्या हाकेसारखा पाठ होता. तो लागला की अख्खी इमारत "हूं" म्हणायची. मामाही मनात "हूं" म्हणायचे आणि कामाला लागायचे.

आणि एका सकाळी इमारत "हूं" म्हणाली नाही. म्हणाली, "हूं... टक."

मामांनी सूर थांबवला, पुन्हा सोडला. पुन्हा टक. किडलेल्या दाताला जिभेने ढकलावं तसा आवाज. डाव्या हाताला, वरून. त्यांनी स्पीकर उतरवले, पुसले, परत चढवले. केबल बदलल्या. दिवे काढून बघितले. डाव्या बाजूच्या साडेतीनशे खुर्च्यांचे नटबोल्ट एकट्याने आवळले. टक गेलं नाही. शेवटी शिडी लावून ते बाल्कनीच्या डाव्या खांबाच्या माथ्याशी गेले. तिथे बाल्कनी खांबावर टेकते, आणि तिथेच रंगाखाली केसाएवढी भेग होती. मामांनी खिशातलं एका कार्यक्रमाचं निमंत्रणपत्र काढलं आणि भेगेत सरकवलं. कडेपुरतं गेलं.

ही झाली थंडीतली गोष्ट. उन्हाळा लागेपर्यंत तेच पत्र घडी घालून आत जाऊ लागलं.

मामा व्यवस्थापकांकडे गेले. व्यवस्थापक म्हणजे सदा घाईत असलेला माणूस, बसलेला असला तरी घाईत.

"साहेब, बाल्कनी बोलतेय."

"काय म्हणतेय?"

"टक म्हणतेय."

"मामा, तुमचे स्पीकर म्हातारे झालेत. आणि रागावू नका, तुमचे कानही."

"भेग आहे साहेब. पत्र जातं आत."

"अहो, इमारत आहे म्हटल्यावर भेगा असणारच. माझ्या टाचांना नाहीत? इंजिनियरसाहेबांची फेरी दोन महिन्यांनी आहे, तेव्हा दाखवू."

दोन महिन्यांनी चाललं असतं हो. पण येत्या शनिवारी शाळेचा वार्षिक कार्यक्रम होता. वर बाल्कनीत दोनशे पालक बसणार, पोर रंगमंचावर दिसलं की पाय आपटून टाळ्या पिटणार. आणि खाली, बरोबर डाव्या कोपऱ्यात, आपली पाळी यायची वाट बघत तिसरीचा वर्ग जमिनीवर मांडी घालून बसणार. त्या वर्गात मामांची नात होती. ती ढग होणार होती. तिला एकच वाक्य होतं आणि ते ती घरभर हिंडत कमरेवर हात ठेवून ओरडायची, "मी ढग आहे! आता मी गडगडणार!"

"अगं, हळू," मामा म्हणायचे.

"आजोबा, ढग हळू नसतो."

मामांना मात्र वेगळाच गडगडाट ऐकू यायचा.

मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली, "बाबा, मी हिला नाही पाठवणार. पण बाकीच्या एकोणचाळीस पोरांचं काय? त्यांच्या आयांना कोण सांगणार?" मामी म्हणाल्या, "गुरुवारी सभागृहाच्या समितीची खुली सभा आहे ना? कुणालाही बोलता येतं. अध्यक्षबाई स्वतः असतात. त्यांनी म्हटलं तर उद्याच बंद होईल बाल्कनी."

"अर्ज देऊ का लेखी?"

"लेखी अर्जाचा नंबर लागेपर्यंत नात कॉलेजात जाईल. बोलायचं."

"कुणी?"

"मी ऐकलाय का तो टक? व्यवस्थापकांनी ऐकलाय? ज्याने ऐकला त्याने."

त्या सभेत प्रत्येकाला तीन मिनिटं मिळत. टेबलाच्या टोकाला घंटीवाल्या बाई बसत, समितीच्या कारकून. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हाताशी पितळी घंटी. तीन मिनिटं झाली की घंटी, मग माणूस अर्ध्या शब्दावर असो की अर्ध्या श्वासावर. मामा आयुष्यात तीन मिनिटं सलग कुणाशी बोलल्याचं मामींना आठवत नव्हतं. लग्नाला होकारसुद्धा त्यांनी मान हलवून दिला होता.

सोमवार होता. हातात तीन दिवस.

घाबरलेला माणूस जे करतो तेच मामांनी केलं. ज्यांना येतं त्यांच्याकडे बघितलं. आणि इथे मामांइतका श्रीमंत माणूस पृथ्वीवर दुसरा नव्हता. त्या सभागृहात एकतीस वर्षांत बोललेला प्रत्येक नामांकित माणूस त्यांच्या कपाटात बंद होता. आधी रिळं, मग कॅसेटी, मग सीडीच्या तबकड्या. ते थोर पुढारी, ज्यांचं भाषण ऐकून विरोधकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग आपापल्या हातांकडे संशयाने पाहिलं. त्या प्रख्यात नटी, ज्या कुजबुजल्या तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटायचं की आपल्याच कानात बोलल्या. ते नावाजलेले वकील, ज्यांच्यापुढे आरोपीच काय, न्यायाधीशही गुन्हा कबूल करायला निघाले होते. सगळे मामांच्या कपाटात, तारीखवार.

मंगळवारी सकाळी सभागृह रिकामं होतं. मामा केबिनमध्ये कानाला हेडफोन लावून बसले आणि वहीत लिहू लागले. पण माइकवाल्याने लिहिलं ते माइकवाल्यासारखं. पुढारी: महत्त्वाच्या वाक्याआधी चार सेकंद शांतता. नटी: वाक्याच्या शेवटी आवाज बटणावरच्या तीन खुणा खाली. वकील: मुद्दा तीनदा, तिसऱ्यांदा सावकाश. "अं" एकदाही नाही. खाकरणं नाही. अडखळणं नाही. पाणी पिणं नाही. काय माणसं होती! शब्द असे येत की जणू आत कुणी इस्त्री करून रचून ठेवलेत. मामा ऐकत गेले तसे खुर्चीत बुडत गेले.

मग सराव. घरी मामी भाजी निवडत होत्या, त्यांच्यापुढे उभे राहिले. आधी पुढारी.

"सभागृहाच्या बाल्कनीला..." आणि शांतता.

एक सेकंद. दोन. चार. सात. मामींनी एक जुडी संपवून दुसरी घेतली.

"अहो, बाल्कनीला काय?"

"चार सेकंद झाले का?"

"मला वाटलं तुम्हाला झोप लागली."

मग नटी. आवाज तीन खुणा खाली. मामांचा आवाज मुळातच दोन खुणांचा, तेव्हा तिसरी खूण जमिनीच्या खाली गेली. ओठ हलत होते एवढं मामींना दिसलं. मग वकील. "भेग आहे. भेग आहे. भे... ग..." आणि तिथे बोबडी वळली. हातातला वहीचा कागद असा थरथरायला लागला की मामींना वाटलं वारा सुटला, त्या उठून खिडकी लावून आल्या.

"मला नाही जमणार," मामा भिंतीला टेकून खाली बसले. "ती माणसं वेगळ्या मातीची. तास तास बोलायची, एकदा म्हणून अडखळायची नाहीत. मी ऐकलंय ना. सगळं आहे माझ्याकडे."

मामींच्या हातातली काडी तशीच राहिली. "कोण अडखळायचं नाही?"

"पुढारी. अख्ख्या भाषणात एक 'अं' नाही."

"अहो," मामी म्हणाल्या, "तुम्हीच नाही का कापले ते?"

मामांनी वही मिटली.

आता हे नीट समजून घ्या, कारण ही चूक फक्त माइकवालाच करू शकतो. भाषण झालं की दुसऱ्या दिवशी मामा ते साफ करायला बसत. जुन्या काळी रिळाची टेप ब्लेडने कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची. खोकला आला, काप. घसा साफ केला, काप. "अं", "म्हणजे", "काय बरं", ग्लास दातावर वाजला, कागद हातातून पडला, काप. पुढे यंत्रं बदलली, पण सवय गेली नाही. एकतीस वर्षं त्यांनी थोर लोकांची भीती बारीक बारीक तुकड्यांत कापून काढली होती, आणि आता उरलेलं ऐकून स्वतःच थक्क होत होते. स्वयंपाक्याने वाटाणे स्वतः सोलावेत आणि मग म्हणावं, काय आश्चर्य, वाटाण्याला टरफलच नसतं!

"आणि ते तुकडे?" मामींनी विचारलं. "तुमच्याच्याने दोरा फेकवत नाही."

फेकले नव्हतेच. टेप वाया घालवणं मामांच्या जिवावर यायचं. कापलेले तुकडे एकाला एक जोडून त्यांनी एका मोठ्या रिळावर गुंडाळून ठेवले होते. डब्यावर लिहिलं होतं, "कचरा".

बुधवारी दुपारी दोघं केबिनमध्ये बसले. जुनं यंत्र पुसून काढलं, रीळ चढवलं, खटका दाबला.

असं काही पृथ्वीच्या पाठीवर कुणी ऐकलं नसेल. दीड तास नुसती भीती! शब्द नाही, वाक्य नाही. "अं... अं..." हा पुढाऱ्यांचा. मामांनी आवाज तत्क्षणी ओळखला. कोरड्या घशात गिळलेला आवंढा, तोही त्यांचाच. मग ग्लास दातांवर वाजतोय, टणटणटणटण, नटीच्या हातातला. कागद फडफडतोय, फडफडतोय, थांबत नाही. वकील माइक चालू आहे हे न कळून पुटपुटतायत, "आई गं, आई गं, आई गं." कुणाचं पोट गुरगुरतंय. कुणी एक खोल श्वास घेतंय आणि तो सोडतच नाही. मामींना इतकं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"बघा! बघा! हेच का तुमचे वेगळ्या मातीचे? मग आता तुम्हाला कसली भीती?"

कुठलाही शहाणा माणूस इथे सुस्कारा सोडेल आणि म्हणेल, चला, सगळेच घाबरतात, आपणही बोलू. मामांनी तसं म्हणायला हवं होतं. पण मामांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अगं," ते म्हणाले, "एवढी मोठी माणसं जर एवढी घाबरतात, तर त्या माइकपुढे घाबरण्यासारखं खरंच काहीतरी असणार."

मंडळी, हे कुणाला खोडून काढता येत असेल तर शेवटी सांगा.

"आणि दुसरं," मामा हळूच म्हणाले. "त्यांचं मी कापलं. माझं कोण कापणार?"

रीळ संपून रिकामं फिरत होतं, टेपचं टोक फटाफट आपटत होतं. मामींनी खटका बंद केला. "उद्या या केबिनमध्ये मी बसते. इतकी वर्षं डबा घेऊन येतेय, कुठला खटका कशाचा ते कळतं मला. तुमचा आवाज खाली गेला तर मी वर घेईन. कापता मात्र येणार नाही. जे निघेल ते निघेल."

गुरुवार उजाडला. मामांनी सकाळी सूर सोडला. "हूं... टक. टक." आता दोनदा. निमंत्रणपत्राच्या दोन घड्या आत गेल्या. आणि बाहेर आवारात शाळेच्या बाई वर्गाला रांगेत उभं करून दाखवत होत्या, शनिवारी कुठून आत यायचं आणि कुठे बसायचं. डावीकडे, कोपऱ्यात, खांबापाशी, दंगा करायचा नाही.

सभा चार वाजता. साठसत्तर माणसं. व्यासपीठावर लांब टेबल, मध्ये अध्यक्षबाई, बाजूला व्यवस्थापक, टोकाला घंटीवाल्या बाई. खाली एका उभ्या दांड्यावर माइक. मामांनी तो माइक स्वतः लावला होता. उंची नेहमीसारखी बरोबर ठेवली होती, पण ती दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडाची होती. स्वतःच्या तोंडाची उंची त्यांनी कधी मापलीच नव्हती.

यादीत मामांचा नंबर पाचवा. पहिला गृहस्थ सायकली लावायच्या जागेवर बोलला. घंटी. दुसऱ्या बाई पंख्यावर बोलल्या, आणि पंख्यावरून त्यांच्या जावेवर आल्या. घंटी. तिसऱ्याच्या वेळी मामांना पाय जागेवर आहेत का अशी शंका आली. त्यांनी खाली बघून खात्री केली, पाय होते. वहीतलं पान त्यांनी पाठ केलं होतं. चार सेकंद, तीन खुणा, तीन वेळा. आता आठवायला गेले तर फक्त आकडे आठवत होते, आकड्यांच्या मध्ये बोलायचं काय होतं ते नाही. चौथा माणूस बोलतच नव्हता, शिंकत होता. मामांना वाटलं हा शिंकत राहावा, संध्याकाळपर्यंत, शनिवारपर्यंत. मग वाटलं, शनिवारपर्यंत नको.

घंटी.

"पुढचे," अध्यक्षबाईंनी चष्मा लावून यादी बघितली, "अरे! आपले हॅलोमामा?"

सभागृहात हशा पिकला. चांगल्या मनाचा हशा होता, पण हशाच. कुणीतरी मागून म्हणालं, "मामा, आज चेक की भाषण?" व्यवस्थापक खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "तांत्रिक विषय दिसतोय मॅडम, मी नंतर बोललो असतो त्यांच्याशी." अध्यक्षबाईंनी हाताने त्यांना थांबवलं.

मामा उठले. खुर्ची ते माइक नऊ पावलं. मामांना ती शाळेपासून घरापर्यंत वाटली, तीही नापास झालेल्या दिवशीची. डाव्या हाताला बाल्कनीचा खांब. त्याच्या पायथ्याशी खडूने एक चौकोन आखलेला, आत लिहिलेलं, "इयत्ता तिसरी".

माइकपाशी पोचले. माइक हनुवटीच्या खाली आला. वाकले. आवंढा गिळला. आणि गिळल्याचा तो आवाज चारही स्पीकरमधून अख्ख्या सभागृहात ऐकू आला. मागे काचेआड मामींनी खटका वर सरकवला होता.

घड्याळ सुरू झालं होतं.

दहा सेकंद. वीस. मामांच्या तोंडाची नुसती उघडझाप. मामींनी आवाज आणखी वर घेतला. आता मामांचा श्वास ऐकू येऊ लागला, बाहेर, आत. आणखी वर. मामांचे गुडघे एकमेकांवर आपटताना ऐकू येऊ लागले. पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून बघू लागला की ढोल कुणी आणला. मामींचं बोट वरच्या वर, वरच्या वर. आणि मंडळी, तेव्हा ऐकू आलं मामांचं काळीज. धप्. धप्. धप्. खालच्या पट्टीत. पोटात जाणवणारं. मामा जसजसे घाबरत गेले तसतशी धपधप चढत गेली आणि चढता चढता बरोबर त्या इमारतीच्या सुरावर आली!

"हूं," इमारत म्हणाली.

"टक," बाल्कनी म्हणाली. "टक. टक. टक."

व्यवस्थापक उभे राहिले. वरून चुन्याचा पापुद्रा सुटला आणि गरगरत आला तो थेट त्यांच्या पाण्याच्या ग्लासात. मग विटेचा तुकडा. मग दुसरा. माणसं उजवीकडे पळाली. आणि त्या धुरळ्यात मामा एकटे उभे राहिले, आणि त्यांना कंठ फुटला! असा फुटला, असा फुटला की पुढाऱ्यांची शांतता, नटीची कुजबुज आणि वकिलांचं तीनतीनदा सांगणं सगळं एका तोंडातून वाहू लागलं. अठरा मिनिटं बोलले मामा! अध्यक्षबाई रडल्या. शिंकणारा माणूस शिंकायचा थांबला. मामांनी हात वर केला, म्हणाले, "ही बाल्कनी आजच्या आज खाली आली पाहिजे!" आणि बाल्कनीने ऐकलं. कपाटाचा खण ओढावा तशी ती अख्खीच्या अख्खी भिंतीतून बाहेर सरकली, अलगद खाली टेकली, एका माणसाला ओरखडा म्हणून—

"पुरे."

मागच्या रांगेतून आवाज आला. सगळ्यांनी वळून बघितलं. मांडीवर छत्री आडवी ठेवून बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या.

"शेवटी बोलायचं ठरलंय, आजीबाई," गोष्ट सांगणाऱ्याने हटकलं.

"ठरलेलं असू द्या. किती फेकाल? बाल्कनी खाली आली, तर हे डोक्यावर काय आहे?" त्यांनी छत्रीचं टोक वर केलं. सगळ्यांनी वर पाहिलं. डाव्या खांबाला दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू होते, रंग दिलेले. "आणि अठरा मिनिटं? त्या दिवशी घंटी माझ्यासमोर होती. घड्याळ माझ्या हातात."

वर झालेल्या माना पुन्हा बाईंकडे वळल्या.

"काही पडलं नाही. काळीजबिळीज काही वाजलं नाही. दोन मिनिटं पस्तीस सेकंद तो माणूस नुसता उभा होता. मी असं कुणाला उभं राहिलेलं पाहिलं नाही. लोकांना बघवेना, माना खाली घातल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, मामा, बसा हवं तर. ते बसले नाहीत. मग म्हणाले, 'हॅलो.' मग म्हणाले, 'चेक.' मग त्या खांबाकडे बोट केलं. म्हणाले, 'या खांबाच्या वर भेग आहे. माझं पत्र घडी घालून आत जातं. मला रोज ऐकू येतं, तुम्हाला येत नाही. शनिवारी इथे खाली चाळीस पोरं बसणार आहेत.' मध्ये चारदा 'अं' म्हणाले. आणि जाऊन बसले."

"मग?"

"मग काय, अध्यक्षबाईंनी शिडी मागवली. स्वतः चढल्या. पत्र मागितलं. खाली उतरल्या आणि सभागृहाच्या दाराला कुलूप लावायला सांगितलं. पोरांचा कार्यक्रम शनिवारी शाळेच्या मैदानात झाला." बाईंनी छत्री पुन्हा मांडीवर घेतली. "आणि अठरा मिनिटं म्हणे! एकवीस सेकंद बोलले ते. मी मोजलेत."